आधी बघायचं, मग लिहायचं, मग दिवा

वहीबाईंना राग यायचा नाही, राग त्यांच्याकडे कायमचा राहायलाच होता. दूध उतू गेलं तर तो दुधावर निघायचा, बस थांब्याच्या दहा पावलं पुढे जाऊन थांबली तर ड्रायव्हरवर, आणि कोणीच सापडलं नाही तर स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर. सरकारी छापखान्यात त्या मुद्रितं तपासायच्या. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढणारी बाई आणखी कशी असणार, असं तिथली माणसं म्हणायची. अर्थात बाई खोलीबाहेर गेल्यावर.

नाव मात्र छापखान्याने दिलेलं नव्हतं, मैदानाने दिलेलं होतं. एकतीस वर्षं सुट्टीच्या दिवशी त्या क्रिकेटचा स्कोअर लिहीत होत्या. हिरव्या कापडी पुठ्ठ्याची आडवी वही आणि सात रंगांची पेनं. प्रत्येक गोलंदाजाला वेगळा रंग. धाव निघाली नाही की टिंब. टिंब घाईने उमटलं आणि त्याला शेपूट फुटलं, तरी बाईंचा त्या दिवसाचा मूड जायचा.

आता त्या दिव्याचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच घडलं. पंचाने चौकार, वाइड, काहीही हाताने दाखवलं की ते वरच्या खोलीत लिहिणाऱ्याला दिसलं पाहिजे, आणि दिसलं हे पंचालाही कळलं पाहिजे. म्हणून खोलीच्या खिडकीबाहेर जाळीत एक लाल दिवा होता, आणि आत टेबलाला त्याचं बटण. दिवा लागेपर्यंत पंच पुढचा चेंडू टाकू द्यायचा नाही. म्हणजे एवढं मोठं मैदान, दोन संघ, सगळे वहीबाईंच्या अंगठ्यासाठी खोळंबायचे. याचा त्यांना गर्व होता. का नसावा? एकतीस वर्षांत एकदाही तो अंगठा आधी पडला नव्हता. आधी बघायचं, मग लिहायचं, मग दिवा. नव्या माणसाला त्या एवढंच शिकवायच्या, आणि एवढंही जमलं नाही तर खोलीबाहेर काढायच्या.

घरी त्यांची भाची होती, भिंगरी. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर. चार वर्षांची असताना आई गेली, बाप म्हणजे बाईंचा भाऊ लांब पल्ल्याचे ट्रक चालवायचा, वर्षातून दोनदा तोंड दाखवायचा. पोर आत्याच्याच पदरात वाढली. घरामागच्या बोळात आत्या खडूने दोन रेघा ओढायची आणि खालून हळू चेंडू टाकायची. भिंगरी मारायची आणि पळायची. पळताना एक खोड होती तिला: दुसऱ्या धावेच्या घाईत बॅट रेघेला टेकायच्या आधीच वळायची.

"नाही मोजणार," आत्या म्हणायची.

"अगं एवढंसं तर राहिलं होतं!"

"एवढंसं म्हणजे नाहीच. नाही मोजणार."

पोर भोकाड पसरायची. आत्या ढिम्म. शेजारीण वरून म्हणायची, अहो, लेकराचा खेळ तो, मोजून टाका की. त्यावर बाईंनी शेजारणीला जे उत्तर दिलं, त्यानंतर शेजारणीने पुन्हा खिडकी उघडली नाही.

त्या भिंगरीला आता सव्विसावं वर्ष लागलं होतं. सात मोसम ती विभागाच्या संघातून खेळत होती, पण देशाच्या संघाची यादी निघाली की दरवर्षी तिचं नाव कुठेतरी वाटेत गळायचं. यंदा ठरलं होतं की वीस-वीस षटकांची महिलांची स्पर्धा संपली की निवड समिती तिथूनच पंधराजणी उचलणार. अंतिम सामना खेळली, समितीच्या डोळ्यांत भरली, तर ठीक. नाही तर पुढल्या वर्षी सत्तावीस, आणि मग "वय झालं हो" म्हणायला लोक मोकळेच बसलेले असतात. घरात हे कोणी बोलायचं नाही. पण भिंगरी सकाळी पाच वाजता धावायला निघायची तेव्हा आत्या उठून चहा टाकायची, आणि चहा देताना कशावर तरी ओरडायची.

स्पर्धेच्या आधी वहीबाई मैदानाच्या कार्यालयात गेल्या. मॅनेजर खुर्चीत रेलून फोनवर बोलत होता. बाईंनी लेखी अर्ज पुढे ठेवला: माझी भाची खेळते आहे, तिच्या सामन्यांना मला नेमू नये.

मॅनेजरने अर्ज वाचला आणि चक्क हसला. "बाई, तुमच्या वहीला आता विचारतंय कोण? यंदा सगळं कॉम्प्युटरवर. वही आपली नियमात आहे म्हणून ठेवायची. बसा निवांत, मॅच बघा."

बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण अर्ज त्यांनी परत घेतला नाही. "पोचल्याची सही द्या," म्हणाल्या. मॅनेजरने डोळे फिरवत सही दिली.

पहिल्या सामन्याला बेचाळीस पायऱ्या चढून त्या खोलीत गेल्या, तर टेबलावर त्यांच्या जागी कॉम्प्युटर, आणि बटण? बटण वायरसकट उचलून कॉम्प्युटरच्या शेजारी नेऊन बसवलेलं. तिथे एक चाळिशीचा, पोट सुटलेला गृहस्थ कानावर हेडफोन चढवून बसला होता. कॉम्प्युटरवाल्या कंपनीचा माणूस. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. बाईंनी त्याचं नाव विचारलं नाही, हेडफोन म्हणूनच त्याला ओळखलं.

हा हेडफोन काय करायचा? त्याला कानात खालून सूचना यायच्या, आता गाणं वाजणार, आता जाहिरात, आता आकडे चढवा. दोन चेंडूंच्या मधे त्याला शंभर कामं. म्हणून पंच नुसता खोलीकडे वळला की हा डाव्या अंगठ्याने बटण दाबायचा, आणि काय दाखवलं ते नंतर बघायचा. कधी पडद्यावर, कधी बाईंच्या वहीत डोकावून, कधी बघायचाच नाही.

"अहो, आधी बघा!" बाई.

"बघितलं, बघितलं."

"काय बघितलं? सांगा काय दाखवलं ते!"

"बाई, दोन तासांत मॅच उरकायची आहे. तुमच्यासारखं कोरत बसलो तर उद्या उजाडेल."

तिसऱ्या सामन्यात तर कहर झाला. लंबू पंच, म्हणजे वीस वर्षं त्या मैदानावर उभा राहिलेला ताडमाड माणूस, ऊन लागतं म्हणून टोपी सारखी करत होता. हेडफोनने दिवा लावला. लंबूने वर बघितलं, टोपी काढली, पुन्हा घातली. पुन्हा दिवा! खाली लोक हसले. वर बाई हसल्या नाहीत. सामना संपल्यावर त्या मॅनेजरकडे गेल्या आणि त्याला, हेडफोनला आणि कॉम्प्युटर शोधणाऱ्यालाही एका दमात फैलावर घेतलं.

"बाई, जरा गोडीगुलाबीने घ्या," मॅनेजर म्हणाला. "पंचाच्या टोपीने कोणाचं काय बिघडलं?"

गाढवापुढे वाचली गीता! बाई घरी आल्या आणि भांडी अशी घासली की पातेल्याचा कान निघाला.

भिंगरीचं मात्र मस्त चाललं होतं. सहा सामन्यांत तीनदा तिने संघाला ओढून बाहेर काढलं. आकडे वहीत होते, जांभळ्या पेनाने, हिरव्या पेनाने, पण आत्या रात्री जेवताना शब्दानेही कौतुक करत नव्हती.

"कालची दुसरी धाव," पाणी ओतता ओतता ती म्हणायची, "वळताना बॅट टेकली का नीट?"

"टेकली गं बाई."

"काठावर टेकली. घाई करतेस."

"कधी तरी चांगलं म्हण ना, आत्या. तोंड झिजेल का?"

"चांगलं आहे ते लिहिलंय वहीत."

साखळीतला शेवटचा सामना दुपारी होता. जिंकणारा संघ अंतिम सामन्यात, हरणारा घरी. निवड समितीचे तिघे खाली सावलीत खुर्च्या टाकून बसले होते. समोरच्या संघाने एकशे एक्केचाळीस केल्या. भिंगरीच्या संघाला हव्या होत्या एकशे बेचाळीस. भिंगरी चौथ्या क्रमांकावर आली आणि खांब रोवावा तशी उभी राहिली.

सतरावं षटक. भिंगरीने चेंडू लांब ढकलला आणि पळाली. पहिली धाव गोलंदाजाच्या टोकाला, तिथून वळून दुसरी. वरच्या खिडकीतून बाईंनी बघितलं. बॅट रेघेच्या अलीकडे वीतभर हवेत होती, आणि पोरगी वळली होती. बोळातली तीच खोड! दुसरी धाव पुरी झाली. गोलंदाजाच्या टोकाला उभा असलेला लंबू खोलीकडे वळला, कोपरातून हात वाकवून त्याने बोटांची टोकं आपल्याच खांद्यावर टेकवली. याचा अर्थ मैदानावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो: एक धाव अपुरी पडली, मोजू नका.

दिवा लागला. लंबूने मान हलवली आणि पुढचा चेंडू टाकायला सांगितलं. मैदानातल्या मोठ्या पडद्यावर मात्र दोन धावा चढल्या.

बाईंनी वहीत एक लिहिली. "अहो! एक! शॉर्ट रन दाखवली त्याने!"

हेडफोनने एक कान मोकळा केला. "काय?"

"एकच धाव! दिवा तुम्ही लावलात ना? मग काय दाखवलं त्याने?"

"दोन पळाल्या. मी डोळ्यांनी बघितलं."

"पंचाला बघितलं का?"

"बाई, षटक चालू आहे. मागे जाऊन आकडा बदलला तर सगळं अडकतं. मॅच झाल्यावर बघू."

"मॅच झाल्यावर काय बघणार, तुमचं डोकं? आत्ता थांबवा! लावा तो दिवा, लंबूला कळेल काहीतरी गडबड आहे!"

त्याने कान पुन्हा झाकला आणि बटणावर पंजा ठेवला. बाईंनी हात घातला तर त्याने कोपराने बाजूला सारला. बाईंनी मॅनेजरला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. खिडकीतून रुमाल हलवला. खाली गाण्याचा धिंगाणा, आणि पाखराचा पोशाख घातलेला एक माणूस नाचत होता, त्याने बाईंना उलट हात हलवून दाखवला. खाली धावत जावं, तर वही कोण लिहिणार? चेंडू पडतोय तोवर वही सोडून उठायचं नाही, हे त्यांनीच एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या डोक्यात ठोकलं होतं. त्या बसल्या. रागारागाने त्या टिंबं देत होत्या. सगळ्यांना शेपटं फुटली.

शेवटचा चेंडू. पडद्यावर एकशे एक्केचाळीस, वहीत एकशे चाळीस. भिंगरीने चेंडू हलकेच ढकलला, एक धाव घेतली, आणि बॅट फेकून दोन्ही हात वर केले. पडद्यावर एकशे बेचाळीस, जिंकलो! खाली पिवळ्या शर्टांचा नुसता ढीग झाला.

वहीत एकशे एक्केचाळीस. बरोबरी.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. आणि खोटं कशाला सांगू, त्या तशाच बसून राहिल्या. तुमच्या वहीला विचारतंय कोण, असं मॅनेजरच म्हणाला होता ना? मग नका ना विचारू! हेडफोनने तर सामान आवरायला घेतलं होतं. वही मिटायची, पिशवीत टाकायची, घरी जायचं, पोरीला गोड काहीतरी करून घालायचं. सात वर्षं पोरगी पहाटे पाचला उठते आहे. एक धाव, वीतभर जागा. जगात कोणाचं काय बिघडणार होतं?

पंच मैदानाबाहेर पडेपर्यंतच चूक दुरुस्त होते, नंतर देव आला तरी नाही. लंबू बेल्स गोळा करत होता.

"मेलं ते बटण!" असं मोठ्याने म्हणून बाई उठल्या. बेचाळीस पायऱ्या. प्रत्येक पायरीला गुडघा बोंबलत होता आणि त्या त्याला शिव्या घालत होत्या, हेडफोनला घालत होत्या, मॅनेजरला घालत होत्या, आणि शेवटच्या दहा पायऱ्या तर फक्त भिंगरीला. टेकवायला काय झालं होतं? एवढी बॅट, एवढासा हात लांब करायचा! शंभरदा सांगितलं, शंभरदा!

सीमेच्या दोरीजवळ त्यांनी लंबूला गाठलं आणि वही उघडून समोर धरली. "सतराव्यात तुम्ही शॉर्ट रन दाखवली की नाही?"

"दाखवली की," लंबू म्हणाला. "दिवा लागला की तुमचा."

"माझा नाही. माझं बटण काढून घेतलंय. पडद्यावर दोन लागल्या आहेत."

लंबूचा चेहरा पडला. त्याने दुसऱ्या पंचाला हाक मारली, हेडफोनला खाली बोलावलं. गाणं बंद झालं. आणि तेव्हा बाईंनी भिंगरीकडे बघितलं. बाकी पोरी बावचळल्या होत्या, काय झालं म्हणून एकमेकींना विचारत होत्या. भिंगरीने कोणाला काही विचारलं नाही. ती वहीकडे बघत होती, आणि तिची मान खाली गेली होती.

सामना बरोबरीत सुटल्याचं जाहीर झालं, एक-एक जादा षटक खेळवलं. भिंगरी पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाली आणि तिचा संघ हरला. पंधराजणींची यादी तीन दिवसांनी आली. तिच्यात भिंगरी नव्हती.

मॅनेजरने सगळ्यांना सांगितलं की वहीबाईंनी घोळ घातला. चोराच्या उलट्या बोंबा! संघातल्या पोरी त्यांना घरभेदी म्हणाल्या, तेही तोंडावर. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं, उलट एक शब्द नाही. छापखान्यातली माणसं घाबरली, बाईंना बरं नाही की काय!

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी भिंगरी बॅग भरून दारात उभी राहिली. मैत्रिणीकडे राहायला निघाली होती.

"कोणालाच दिसलं नव्हतं," ती म्हणाली. आवाज फाटला होता. "समितीला नाही, समोरच्या संघाला नाही, कॅमेऱ्याला नाही. अख्ख्या मैदानात तुलाच तेवढं दिसलं! आई असती तर असं केलं नसतं तिने."

हे वर्मी लागलं. बाईंनी दाराची चौकट धरली.

"मला एकटीला नाही दिसलं," त्या म्हणाल्या. "लंबूने खांद्यावर हात ठेवला तेव्हा तू त्याच्याकडे बघत होतीस. मी वरून बघितलं. तुलाही ठाऊक होतं. तीन षटकं ठाऊक होतं, आणि तरी हात वर केलेस. मला यादीचा राग नाही आला, भिंगरे. त्या हातांचा आला."

भिंगरी बॅग उचलून जिना उतरली. आत्याने चहा टाकला होता. दोन कप. दोन्ही तिनेच प्यायले, रागाने, गार झाल्यावर.

वर्ष गेलं. भिंगरी आली नाही, फोन नाही. दिवाणखान्यातल्या कोपऱ्यात तिचे जुने बूट होते, ते आत्या दर रविवारी पुसायची आणि पुसताना त्यांना बोलायची. लंबूने मात्र एक काम केलं. त्याने आपल्या अहवालात टोपीपासून खांद्यापर्यंत सगळं लिहिलं आणि खाली लिहिलं, बटण वहीपाशी नसेल तर मी उभा राहणार नाही. पुढच्या मोसमाला बाई बेचाळीस पायऱ्या चढून गेल्या, तेव्हा बटण आपल्या जुन्या जागी होतं. हेडफोन दुसऱ्या टोकाला बसून म्हणाला, "नमस्कार, बाई." बाईंनी नमस्कार घेतला नाही.

पहिलाच सामना भिंगरीच्या संघाचा. बाईंचा अर्ज या वर्षीही पोचल्याची सही घेऊन फायलीत पडला होता. भिंगरी खेळायला आली. गालफडं बसली होती. बाईंनी तिच्या नावापुढे पहिलं टिंब दिलं, गोल.

चौथ्या चेंडूला तिने लांब मारला आणि पळाली. एक. गोलंदाजाच्या टोकाला पोचली, वाकली, आणि बॅट रेघेपलीकडे हातभर खरडत नेली. नुसती टेकवली नाही, माती उडाली. मग वळून दुसरी धाव पुरी केली, आणि तिथेच थांबली. चेंडू परत आला, गोलंदाज मागे निघाली, तरी ही आपल्या जागी जाईना. कमरेवर हात ठेवून वर खिडकीकडे बघत राहिली. चेहऱ्यावर हसू नाही, काही नाही, शुद्ध राग. आत्याचाच राग, आत्याच्याच घरात वाढलेला.

नुसत्या दोन धावांना पंच काही खूण करत नाही. लंबूचे दोन्ही हात खाली होते.

वहीबाईंनी बघितलं. वहीत दोन लिहिल्या. आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा, पंचाने काहीही दाखवलेलं नसताना, त्यांच्या अंगठ्याने बटण दाबलं.

लंबू दचकून वर बघू लागला. "बाई," हेडफोन म्हणाला, "त्याने तर काहीच दाखवलं नाही!"

"तुम्ही तुमचं बघा," बाई म्हणाल्या. आणि अंगठा त्यांनी बटणावरून काढला नाही, भिंगरी आपल्या जागी जाऊन उभी राहीपर्यंत.